आर्थर राजा, कमी पैशात: काय जमतं, काय फसतं?

पिंपळपान

आमच्या फिल्म क्लबात पावसाळ्याचे चार शनिवार ब्रिटनच्या दंतकथांतल्या आर्थर राजाला द्यायचे ठरलेत. निवड माझ्याकडे आली, म्हणून सध्या सापडेल ते पाहतोय. त्यातून एक मत तयार झालंय, ते मांडतो. पटलं नाही तर बिनधास्त खोडून काढा.

मत असं की या गोष्टीला भरमसाट पैसा मानवत नाही. दिग्दर्शक गाय रिचीचा २०१७ चा 'किंग आर्थर' घ्या. साडेसतरा कोटी डॉलर ओतले, सुरुवातीलाच डोंगराएवढे हत्ती आणले आणि जगभरच्या तिकीटविक्रीतून तेवढेही परत आले नाहीत. सिनेमा संपल्यावर आर्थर कोण होता, त्याचं दुःख काय, यातलं काहीच मनात राहत नाही. याउलट १९७४ चा फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँचा 'लान्सलो द्यु लाक' आणि १९७५ चा ब्रिटिश विनोदी मंडळींचा 'माँटी पायथन अँड द होली ग्रेल'. एक कमालीचा गंभीर, दुसरा कमालीचा चावट. दोघांकडे फारसे पैसे नव्हते आणि दोन्ही आजही ताजे वाटतात.

पण तेवढ्याच कमी पैशांत केलेले असंख्य टाकाऊ सिनेमेही आहेत. कारण उघड आहे. नाव जगाला ठाऊक आणि कथेवर कोणाचा हक्क नाही. आर्थरच्या कथा एकत्र सांगणारं मॅलरीचं पुस्तक कॅक्स्टन या मुद्रकाने १४८५ साली छापलं, आता मानधन मागायला कोण येणार? मग चार तलवारी आणि एक माळरान मिळालं की लोक कॅमेरा लावतात.

म्हणजे कमी पैसा हे काही गुणवत्तेचं कारण नव्हे. मग नेमकं काय जमलं की जमतं? आणि आमच्या चार शनिवारी काय दाखवू?

रानमांजर

'होली ग्रेल'मध्ये घोड्यांऐवजी वाजवलेल्या नारळाच्या करवंट्या. पहिला शनिवार ठरला, उरलेल्या तिनांचं बघा.

वाटाड्या

मला वाटतं पैशापेक्षा 'गोष्टीतला कुठला तुकडा उचलला' हा प्रश्न मोठा आहे.

आर्थरच्या गोष्टीचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला, रोमन लोक ब्रिटन सोडून गेल्यानंतरचा अंधाराचा काळ: लाकडी कुंपणं, चिखल, सॅक्सन टोळ्यांच्या धाडी, आपसात भांडणारे सरदार. दुसरा, कॅमलॉटचं, म्हणजे आर्थरच्या राजधानीचं, वैभव. तिसरा, पवित्र चषकाच्या (येशूचा मानला जाणारा प्याला) शोधात सगळं संपून गेल्यानंतरची पडझड. यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या भागात गरिबी कथेतच आहे. निर्मात्याचा खिसा रिकामा असला तरी पडद्यावर ती उणीव वाटत नाही. फसतात ते मधला भाग उचलणारे. वैभव दाखवायचं आणि दरबारात माणसं बारा, मग कसं व्हायचं?

पहिल्या भागाचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे १९७२-७३ ची ब्रिटिश मालिका 'आर्थर ऑफ द ब्रिटन्स'. अर्ध्या अर्ध्या तासाचे २४ भाग. जादूगार मर्लिन नाही, जादू नाही, चकचकीत चिलखतं नाहीत. ऑलिव्हर टोबायसचा आर्थर हा कातडी अंगरखा घालणारा एक तरुण टोळीप्रमुख आहे. पहिल्याच भागात तलवारीचा प्रसंग आहे. तलवार एका प्रचंड दगडाखाली अडकलीय. एकेकट्याने कोणालाच दगड हलत नाही. आर्थर सगळ्या भांडखोर सरदारांना एकत्र हात लावायला सांगतो, दगड उचलला जातो आणि तो खालून तलवार काढून घेतो. बस्स. एकही स्पेशल इफेक्ट नाही, आणि हा माणूस राजा का होणार ते एका मिनिटात कळतं.

तिसऱ्या भागाचं उदाहरण तुम्हीच दिलंय. ब्रेसाँचा सिनेमा चषकाच्या मोहिमेतून उरलेसुरले सरदार हात हलवत परत येतात तिथून सुरू होतो. आर्थरच्या सरदारांच्या गोल मेजाभोवतीच्या जागा रिकाम्या आहेत, कारण बसणारे मेलेत. माणसं कमी असणं हाच तिथे कथेचा मुद्दा आहे.

चिंचेचा_आकडा

वाटाड्या, +१. वाचनखूण साठवली.

खडूस_आजोबा

तरुण मंडळींनो, जरा थांबा. पैसा नको, पैसा नको म्हणून गोष्टच छोटी करून टाकलीत.

मॅलरीत त्या मेजाला दीडशे आसनं आहेत. शेवटच्या लढाईत त्या माळावर एक लाख माणसं मरून पडतात असं तो लिहितो. ही एका अख्ख्या राज्याची शोकांतिका आहे. एक चांगली व्यवस्था उभी राहिली, सर्वांना वाटलं हे टिकेल, आणि घरातल्याच माणसांनी ती मोडली. ते मोडणं जाणवायचं तर आधी ती उभी असलेली दिसायला नको? सुरुवात आणि शेवट दाखवून मधलं गाळायचं म्हणजे पडझड कशाची झाली हेच प्रेक्षकाला कळत नाही. ब्रेसाँचा सिनेमा मी पाहिलाय आणि मला तो आवडतो. पण मला आर्थरची गोष्ट आधीपासून पाठ होती म्हणून तो भिडला. ज्याला गोष्टच ठाऊक नाही त्याला दाखवून बघा.

'एक्सकॅलिबर' (१९८१) पाहा. दिग्दर्शक बूरमनला १ कोटी १० लाख डॉलर मिळाले, म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या मानाने बेताचेच. पण त्यात जन्मापासून मरणापर्यंत सगळं आहे. भर जंगलात चिलखतांवर पडणारा तो हिरवा प्रकाश, मागे वाग्नरचं संगीत, निकोल विल्यमसनचा अर्धा विदूषक अर्धा ऋषी असलेला मर्लिन. थोडा तरी पैसा हवाच.

पिंपळपान

आजोबा, मुद्दा पटतो. क्लबातल्या निम्म्या लोकांना गोष्ट ठाऊक नाही, हे मी धरलंच नव्हतं. पण 'एक्सकॅलिबर'मध्येही पैसे कुठे कमी पडले ते दिसतंच. शेवटची लढाई धुक्यात आहे.

खडूस_आजोबा

तेच तर त्याचं कसब! आर्थरची माणसं मूठभर उरलीत. धुकं पसरतं आणि आर्थरच्या बाजूचे म्हणतात की आता आपण किती थोडे आहोत हे शत्रूला दिसणार नाही. सैन्य भाड्याने आणायचे पैसे वाचले आणि कथेला डावपेचही मिळाला. पण त्याआधी दीड-दोन तास त्याने चांदीचा दरबार दाखवलाय, म्हणून ते धुकं काळजाला लागतं.

दवबिंदू

मी स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगजवळ राहते, म्हणून करवंट्यांबद्दल मलाच लिहायला हवं. :)

'होली ग्रेल'चं बहुतेक चित्रीकरण इथल्या डून किल्ल्यात झालं. चित्रीकरणाच्या तोंडावर सरकारी आणि ट्रस्टच्या ताब्यातल्या किल्ल्यांची परवानगी रद्द झाली. डून तेव्हा खासगी मालकीचा होता, म्हणून तो राहिला. मग काय, तोच किल्ला वेगवेगळ्या कोनांतून दाखवून चार ठिकाणी खपवला. फ्रेंच सैनिक ज्या तटावरून शिव्या घालतात तो डून, कॅमलॉटमधलं नाचगाणं होतं ते दालन डून, गलाहाड हा सरदार पोरींच्या तावडीत सापडतो तोही डून. शेवटचा पाण्यातला किल्ला मात्र वेगळा, पश्चिम किनाऱ्यावरचा कॅसल स्टॉकर.

किल्ल्यात गेलं की तिकिटाच्या खिडकीवर करवंट्यांची जोडी मागून घेता येते. ऑडिओ गाइडचा आवाज टेरी जोन्सचा, म्हणजे सिनेमाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एकाचा. आईबाबा भारतातून आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले. अंगणात शाळकरी मुलांपासून आजीआजोबांपर्यंत सगळे टकटक टकटक करत घोडदौड करत होते. माझ्या बाबांनी सिनेमा पाहिला नव्हता, पण करवंटी हातात आल्यावर त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. आई तेवढी म्हणाली, "इतक्या लांब येऊन नारळ फोडायचे होते तर घरीच फोडले असते."

घोडे भाड्याने घेणं परवडत नव्हतं, म्हणून करवंट्या आल्या. सिनेमाला पैसेही पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन अशा रॉक बँडांकडून आले होते. सगळं मिळून सव्वादोन लाख पौंडांच्या आसपास.

रानमांजर

काकू, दंडवत! आणि आर्थरचे लोक लांबून कॅमलॉट पाहून भारावून जातात तेव्हा नोकर म्हणतो की ते नुसतं मॉडेल आहे. कमी बजेटवाल्यांनी हे वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावावं.

रंगपेटी

मी एकांकिका आणि हौशी नाटकांची वेशभूषा करते. 'होली ग्रेल'मधली साखळी चिलखतं लोकरीची विणलेली होती, वर चंदेरी रंग. हे आमच्याकडेही करतात आणि रंगमंचावर दिसतंही झकास. मग तोच उपाय आजच्या स्वस्त आर्थरपटांत का उघडा पडतो, यावर मी बराच विचार केलाय.

पहिलं कारण कॅमेरा. तेव्हा फिल्मवर चित्रीकरण व्हायचं. फिल्मला कण असतात, शिवाय त्या लोकांनी धूर आणि चिखल हात सोडून वापरला. विणीचे टाके त्यात विरघळून जातात. आजचा डिजिटल कॅमेरा टाका न् टाका मोजून दाखवतो.

दुसरं कारण, कपडे नवे असतात. गोदामातून भाड्याने आणलेला झगा सरळ नटाच्या अंगावर चढतो. कपडा मुरवावा लागतो. कोपर आणि गुडघे काचकागदाने घासायचे, चहाच्या पाण्यात बुडवून पांढरेपणा मोडायचा, काठाला माती चोळायची, काखेत आणि मानेशी घामाचा डाग रंगवायचा, चामड्याच्या पट्ट्याला तेल लावून तो पिळायचा. याला पैसे लागत नाहीत, माणसं आणि वेळ लागतो. नेमका तोच वेळ वेळापत्रकात नसतो. परवा असाच एक सिनेमा पाहत होते. चार दिवस जंगलात लपून राहिलेल्या सरदाराच्या झग्यावर इस्त्रीची घडी! मी तिथेच बंद केला.

तिसरं म्हणजे दिवे. सगळीकडे एकसारखा उजेड पाडून ठेवतात. अंधाराला पैसे पडत नाहीत. निम्मी भिंत अंधारात गेली की ती प्लायवूडची आहे हे कोणाला कळणार?

वाटाड्या

रंगपेटी, हा प्रतिसाद म्हणजे वेगळा लेख आहे. लिहाच.

सातवा_सरदार

टाकाऊ सिनेमांचा विषय निघालाच आहे तर 'असायलम' कंपनीला विसरून चालणार नाही. मोठा सिनेमा येणार म्हटलं की त्याच नावाच्या आसपासचा स्वस्त सिनेमा काढायचा, हा त्यांचा धंदा. २०१७ मध्ये रिचीचा सिनेमा आला त्याच सुमारास यांचाही आर्थर आला. त्यात चेटकीण मॉर्गना अंतराळातून परत येते आणि सगळा गोंधळ आजच्या बँकॉकमध्ये होतो. मी शेवटपर्यंत पाहिला.

तो वेडेपणा मी समजू शकतो. मला जास्त राग येतो तो अशा सिनेमांचा, जे मनापासून गंभीर असतात आणि मोठ्या सिनेमाची नक्कल करतात. संगणकातला ड्रॅगन, संगणकातली आग, संगणकातलं रक्त. ड्रोनवरून घेतलेली तीच टेकडी पुन्हा पुन्हा. आणि संवाद! प्रत्येक जण दुसऱ्याला त्याला आधीच ठाऊक असलेली माहिती सांगतो. "बंधो, तुला ठाऊकच आहे की आपले पिताजी दहा वर्षांपूर्वी..." अरे ठाऊक आहे तर सांगतोस कशाला? चांगला संवाद लिहायला ड्रॅगनइतका खर्च येत नाही.

शिलेदारीण

ड्रॅगनवरून आठवलं. बीबीसीच्या 'मर्लिन'चं (२००८ ते २०१२) नाव अजून कोणीच कसं घेतलं नाही? मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या खोलीवर त्याची पारायणं झाली.

त्यांच्याकडे सिनेमाचा पैसा नव्हता, टीव्हीचा होता. त्यांनी केलेल्या दोन गोष्टी मला फार हुशारीच्या वाटतात. एक, ड्रॅगनला किल्ल्याखालच्या गुहेत साखळीने बांधून टाकलं. पहिल्या दोन पर्वांत जवळजवळ शेवटपर्यंत तो उडत नाही, लढत नाही. मर्लिन मशाल घेऊन खाली जातो आणि तो त्याच्याशी कोड्यात बोलतो. आवाज जॉन हर्टचा. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. दोन, जादू करताना मर्लिनचे डोळे क्षणभर सोनेरी होतात. स्फोट नाही, प्रकाशाचे झोत नाहीत. आर्थर पाठमोरा आहे, मर्लिनचे डोळे चमकतात, फांदी तुटते आणि शत्रूच्या डोक्यात पडते. जादूला देहदंड असलेल्या राज्यात लपूनच जादू करायची, म्हणजे स्वस्त इफेक्ट हाच कथेचा ताणही झाला.

सातवा_सरदार

आणि दर भागाच्या शेवटी कोणाच्या तरी डोक्यात फांदी पडून तो सगळं विसरतो, हेही सांगा. मर्लिनचं गुपित आर्थरला कळतं ते शेवटच्या भागात. ६५ भाग तोच लपंडाव! इथे पैसा आड आला नाही, गोष्ट पुढे न्यायचं धाडस कमी पडलं.

शिलेदारीण

त्या शेवटच्या भागासाठी मी ६५ भाग पुन्हा पाहीन. शत्रू झालेल्या मॉर्ड्रेडची तलवार लागून आर्थर मरायला टेकलाय आणि तेव्हा मर्लिन सांगतो की मी जादूगार आहे. आर्थर आधी चिडतो, दूर सरकतो. मग हळूहळू त्याला उमगत जातं की या पोराने किती वेळा वाचवलंय आपल्याला. दोघं जण, एक जंगल आणि एक शेकोटी. त्या प्रसंगाला काय खर्च आला असेल? आधीच्या वर्षांची गुंतवणूक मात्र होती, आणि ती आमची, प्रेक्षकांची.

दवबिंदू

अवांतर: 'मर्लिन'मधलं कॅमलॉट म्हणजे फ्रान्समधला पिएरफाँ किल्ला. मूळ पडीक अवशेषांवर एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने तिसऱ्या नेपोलियनसाठी तो जवळजवळ नव्याने बांधला. मध्ययुग कसं असायला हवं होतं याचं ते स्वप्नच आहे. म्हणून आर्थरला इतका शोभतो.

आडवाट

वाटाड्यांच्या सिद्धांताला एक मोठा अपवाद आहे: एरिक रोमेरचा 'पेर्सव्हाल ल गलवा' (१९७८). हा सरळ मधल्या भागातला. दरबार, मेजवान्या, सुंदर राजकन्या, सगळं. पण सगळं स्टुडिओत. पत्र्याची चार झाडं, सोनेरी रंग दिलेला किल्ला, तोही इतका बुटका की घोडेस्वार त्याच्यापेक्षा उंच वाटावा. जुन्या हस्तलिखितांतल्या चित्रांत असंच प्रमाण असतं. खरे घोडे त्या अर्धगोल रंगमंचावर फेऱ्या मारतात आणि आपण समजायचं की मोठा प्रवास झाला. बाजूला गायक-वादक बसलेत. पात्रं बोलता बोलता स्वतःबद्दलच निवेदन करतात, "तो घोड्यावरून उतरला" असं उतरता उतरता म्हणतात. बाराव्या शतकातल्या क्रेतियँ द त्रुआचं काव्य रोमेरने स्वतः आजच्या फ्रेंच पद्यात आणलं.

आमच्या तळकोकणात दशावतारात एका बाकड्यावर राजा बसला की तो दरबार, आणि तेच बाकडं ओलांडलं की अरण्य. कोणी विचारत नाही झाडं कुठेत. रोमेर प्रेक्षकाशी तसाच करार करतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत करतो. टाकाऊ सिनेमे हा करार करतच नाहीत. ते म्हणतात हे खरं आहे असं माना, आणि मग खोटं दाखवतात.

वाटाड्या

मान्य, पण थोडी भर घालतो. रोमेरने वैभव उभं केलं नाही, वैभवाचं चित्र उभं केलं. म्हणजे दोन वाटा झाल्या: गरिबी शोभेल असा तुकडा निवडा, नाहीतर खऱ्याचा आव सोडून द्या.

आडवाट

तिसरीही आहे. काळच बदला. जॉर्ज रोमेरोचा 'नाइटरायडर्स' (१९८१). झाँबीपटांचा राजा, पण इथे एकही झाँबी नाही. अमेरिकेत गावोगावी जत्रेत मोटारसायकलींवरून भाल्यांच्या झुंजी करून पोट भरणारी एक मंडळी. त्यांचा प्रमुख, तरुण एड हॅरिस, स्वतःला खरोखर राजा मानतो आणि नियम पाळतो. टॉम साव्हिनीचा मॉर्गन मात्र प्रायोजक आणि प्रसिद्धीकडे ओढला जातो. इथे कॅमलॉट मोडतं ते पैशापायी. त्यामुळे फाटके तंबू आणि जुन्या गाड्या जिथल्या तिथे शोभतात.

खडूस_आजोबा

आडवाट, हा मी पाहिलेला नाही, पण तुम्ही सांगताय त्यावरून राज्य उभं राहणं आणि मोडणं दोन्ही आहे. मग माझी तक्रार नाही. माझा हट्ट सैन्याचा नाही, त्या उभ्या राहण्याचा आहे.

चिंचेचा_आकडा

ब्रेसाँच्या स्पर्धेच्या प्रसंगाबद्दल कोणीतरी लिहा ना. इतकं ऐकलंय त्याबद्दल.

पिंपळपान

मी लिहितो, कारण तो मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलाय.

भाल्यांची स्पर्धा आहे. दुसरा कोणी असता तर मैदान, गर्दी, तंबू, उंचावरून दृश्य, सगळं दाखवलं असतं. ब्रेसाँ घोड्यांचे पाय दाखवतो. बॅगपाइपचे सूर वाजतात, काठीवर झेंडा चढतो, खूर उधळतात, भाला आडवा होतो, धातूवर आदळल्याचा आवाज, कोणीतरी पडल्याचा आवाज. स्वार कोण, हे चेहऱ्यावरून कळतच नाही. प्रेक्षकांत बसलेला गवेन हा सरदार फक्त नाव घेतो: लान्सलो, म्हणजे आर्थरचा सर्वांत शूर सरदार. पुन्हा पाइप, पुन्हा झेंडा, पुन्हा खूर. पुन्हा कोणीतरी पडतो. हे इतक्या वेळा होतं की पुढच्या वेळी पाइप वाजला की आपणच श्वास रोखतो. अख्खी स्पर्धा आपण कानांनी पाहतो. आणि त्या सिनेमात चिलखतांची खडखड कधी थांबत नाही. माणसं हळू आवाजात प्रेमाबद्दल, देवाबद्दल बोलतात तेव्हाही पत्रा वाजतच असतो. नट सगळे नवखे, आवाजात चढउतार नाही. सुरुवातीला कंटाळा येईल, पण धीर धरा.

रंगपेटी

ध्वनी! हे मी लिहायला हवं होतं. स्वस्त सिनेमांत तलवारींचा तोच तो 'झ्यँग' असतो, म्यानातून काढतानासुद्धा. कातडी म्यानातून तलवार काढताना झ्यँग कसा येईल?

सातवा_सरदार

एक जोडी सुचवतो. सर गवेन आणि हिरवा सरदार. चौदाव्या शतकातलं काव्य, एकच हस्तलिखित उरलंय. स्टीफन वीक्सने ही गोष्ट १९७३ मध्ये केली, मग १९८४ मध्ये 'सोर्ड ऑफ द व्हॅलियंट' म्हणून पुन्हा केली. दुसऱ्या वेळी हिरवा सरदार म्हणून चक्क शॉन कॉनरी. तो थोडाच वेळ दिसतो, पण दिसतो तेव्हा पडदा खाऊन टाकतो. बाकी वेळ नायकाच्या सोनेरी टोपाकडे बघत बसायचं. मोठ्या नटावर पैसे गेले की उरलेला सिनेमा कसा उपाशी राहतो, याचा नमुना आहे.

आणि मग डेव्हिड लोअरीचा 'द ग्रीन नाइट' (२०२१). दीड कोटी डॉलरच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबात कमीच. देव पटेल गवेन, सरिता चौधरी त्याची आई. हिरवा सरदार संगणकातून न काढता राल्फ इनेसन या नटावर मेकअप चढवून उभा केलाय, म्हणून तो खरंच खोलीत आल्यासारखा वाटतो. त्यात आर्थर म्हातारा, थकलेला आहे आणि दरबार अंधारा, अर्धा रिकामा. वाटाड्यांचा तिसरा भाग!

दवबिंदू

त्यात आणि 'एक्सकॅलिबर'मध्ये एक किल्ला सामाईक आहे. आयर्लंडचा काहिर. चाळीस वर्षांच्या अंतराने त्याच दगडांवर दोन्ही आर्थर.

रानमांजर

आणि फ्रेंचांचं विनोदी 'कामलोत' राहिलं की! २००५ ते २००९ टीव्हीवर, सुरुवातीला एकेक भाग साडेतीन-चार मिनिटांचा. आर्थर जेवणाच्या टेबलावर आपल्या बिनडोक सरदारांना चषक म्हणजे काय ते समजावतोय. सगळा खर्च संवादांवर. नंतर नंतर ते इतकं उदास होत जातं की हसता हसता घसा दाटतो.

पिंपळपान

मंडळी, आभार. यादी अशी करतोय.

पहिला शनिवार 'एक्सकॅलिबर', आजोबांच्या म्हणण्यानुसार, म्हणजे सगळ्यांना गोष्ट कळेल. दुसरा 'होली ग्रेल', त्याआधी रानमांजराचं 'कामलोत', दोन-तीन भाग. तिसरा 'लान्सलो द्यु लाक'. चौथ्याला 'पेर्सव्हाल' की 'द ग्रीन नाइट' यात अडकलोय. 'आर्थर ऑफ द ब्रिटन्स'चा पहिला भाग अर्ध्या तासाचाच आहे, तो पहिल्या दिवशी आधी लावता येईल.

आडवाट

'पेर्सव्हाल' लावा. 'ग्रीन नाइट' लोक घरी पाहतील, हा नाही पाहणार.

खडूस_आजोबा

ब्रेसाँ तिसरा नको, चौथा ठेवा. शेवटी चिलखतांचा ढीग पडतो, त्यावर दुसरं काही पाहवत नाही. 'पेर्सव्हाल' तिसरा करा.

पिंपळपान

बरोबर, अदलाबदल करतो. 'पेर्सव्हाल' सव्वादोन तासांच्या वर आहे, म्हणजे चहाची सुट्टी मध्ये घ्यावी लागेल.

रंगपेटी

सुट्टी गवेनचं कथानक सुरू होतं तिथे घ्या. तिथे पेर्सव्हाल बराच वेळ गायब होतो, लोक चहा पिऊन आले तरी दुवा तुटणार नाही. आणि हॉलचे स्पीकर आधी तपासा. ब्रेसाँला फुटका आवाज लावलात तर मी येऊन भांडेन.